किनाऱ्याचे पंचांग आणि प्रवासाची पिशवी

मुंबईचे जानेवारीतले सरासरी कमाल तापमान ३१ अंश सेल्सियसच्या आसपास असते आणि ऑगस्टमधले ३० अंशांच्या. केवळ हे दोन आकडे पाहून समुद्रकाठी सुट्टी घालवायचे ठरवले, तर ऑगस्टच निवडावा लागेल. तो जानेवारीपेक्षाही किंचित थंड! प्रत्यक्षात जानेवारीत समुद्र तळ्यासारखा निवांत असतो, आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात कोळीवाड्यांतल्या कित्येक होड्या अजून किनाऱ्यावर झाकून ठेवलेल्या असतात. तापमानाच्या आकड्यात हा फरक कुठेच दिसत नाही.

तरीही आपण कोकणात किंवा गोव्याला निघताना पहिला प्रश्न विचारतो तो हाच : ‘तिकडे तापमान किती आहे?’ मोबाइलवर आकडा दिसतो आणि त्यावर बॅग भरली जाते. मी हवामानशास्त्राचा रीतसर विद्यार्थी नाही. पंचांग, भरतीची कोष्टके आणि हवामान खात्याच्या मासिक सरासऱ्या शेजारी शेजारी मांडून पाहण्याचा नाद मात्र जुना आहे. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यावर तापमान वर्षभर थोडेच हलते. हलतात त्या तीन गोष्टी : हवेतले पाणी, वाऱ्याची दिशा आणि समुद्राची पातळी. पिशवी या तिघांकडे पाहून भरायची असते. आणि हा केवळ सोयीचा मामला नाही. दरवर्षी किनाऱ्यावर जी माणसे बुडतात, त्यांतली बरीच चांगल्या हवेत बुडतात.

किनारा स्वतः आवराआवर कशी करतो

आपल्या पिशवीकडे येण्याआधी किनाऱ्याची पाहू. मे महिना संपत आला, की कोकणात ‘आगोट’ येते. घरे शाकारली जातात, पडवीला नारळाच्या झावळ्यांची झापे लागतात, लाकूडफाटा आत येतो, सुकी मासळी, कोकम, पापड, लोणची यांची बेगमी होते. होड्या ओढून भरतीरेषेच्या वर नेतात. यांत्रिक मासेमारीला सरकारी बंदी असते ती १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची. त्यामागे माशांच्या विणीचा काळ आहे आणि खवळलेला समुद्रही. मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या आणि तिथले जलक्रीडेचे उद्योगही मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत थांबतात.

मग श्रावणी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण होतो. नारळी पौर्णिमा हा सण आहे, तसाच तो एका हंगामाचा आरंभबिंदूही आहे. तोवर नैर्ऋत्य वाऱ्याचा जोर ओसरू लागतो आणि लाटांची उंची उतरणीला लागते.

हे वेळापत्रक झुगारण्याची किंमत किनाऱ्याने मोजली आहे. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रात उलटली आणि ६००हून अधिक माणसे गेली. अंतर थोडे, रस्ता रोजचा, माणसे सणाला घरी निघालेली. महिना मात्र जुलै होता आणि तिथी अमावास्येची.

दिवाळीतला किनारा

हा अंक हाती पडेल तेव्हा अनेकांच्या घरी कोकणचा बेत ठरलेला असेल, म्हणून आधी याच दिवसांकडे वळू.

हवामान खात्याने २०२०मध्ये मोसमी पावसाच्या सरासरी तारखा सुधारल्या. त्यांनुसार मुंबईत पाऊस ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला माघार घेतो. दिवाळी तर अधिक मासाच्या हिशेबाने पुढेमागे सरकत राहते. २०२२मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होते, २०२३मध्ये १२ नोव्हेंबरला. कागदावर हा फरक १९ दिवसांचा. किनाऱ्यावर तो जवळपास एका ऋतूचा ठरतो.

लवकरची दिवाळी ‘ऑक्टोबर हीट’मध्ये येते. ढग गेलेले, आकाश धुतलेले, ऊन थेट जमिनीवर. आणि जमीन अजून चार महिन्यांच्या पावसाने भिजलेली. त्या ओलाव्याची वाफ होते. पावसाळ्यातला जोरकस वारा पडलेला असतो आणि हिवाळ्यातले वारे अजून स्थिरावलेले नसतात. म्हणून मुंबईचे ऑक्टोबरचे सरासरी कमाल तापमान मे महिन्याच्या तोडीस तोड असते. याच दिवसांत पुण्याला पहाटे अंगावर पांघरूण ओढावे लागते. अभ्यंगस्नानाच्या वेळी कुडकुडणे हे मुख्यतः देशावरचे. रत्नागिरीला त्याच पहाटे अंगाला घाम असू शकतो. पुण्याच्या पहाटेवरून भरलेली पिशवी ताम्हिणी किंवा वरंध घाट उतरली, की स्वेटर तळाशी जातात आणि सुती कपडे दुसऱ्याच दिवशी संपतात. लवकरच्या दिवाळीला माणशी रोजचे दोन हलके सुती जोड धरावेत, स्वेटर घरी ठेवावेत. उशिराच्या दिवाळीला पहाटेसाठी एक पातळ शाल पुरते.

दुसरी गोष्ट वादळांची. अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचे हंगाम दोन : पावसाळ्याच्या तोंडाशी मे-जूनमध्ये आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. दिवाळी दुसऱ्यात येते. २०१९मध्ये ‘क्यार’ हे चक्रीवादळ रत्नागिरी-सिंधुदुर्गासमोर समुद्रात वाढले आणि २७ ऑक्टोबरला, म्हणजे ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, महाचक्रीवादळाच्या श्रेणीला पोहोचले. ते ओमानच्या दिशेने गेले, तरी त्याआधी कोकणाला पाऊस आणि मोठ्या लाटा देऊन गेले. २००९मध्ये ‘फयान’ ११ नोव्हेंबरला थेट रायगडच्या किनाऱ्यावर आले होते. वादळ शेकडो किलोमीटर दूर असले, तरी त्याच्या लाटा किनाऱ्याला पोहोचतात. वर आकाश निळे असते आणि खाली पाणी खवळलेले. म्हणून दिवाळीच्या पिशवीत एक छत्री असावी, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी मच्छीमारांसाठीचा हवामान खात्याचा इशारा पाहिलेला असावा. मच्छीमारांना ज्या दिवशी समुद्रात जाऊ नका असे सांगितले जाते, तो दिवस पोहण्याचा नव्हे.

तिथीची पाऊणपट

लक्ष्मीपूजन अमावास्येला असते. त्या दिवशी सूर्य आणि चंद्र पृथ्वीच्या एकाच बाजूला येतात आणि दोघांची ओढ एकत्र होते. परिणाम उधाणाच्या भरतीचा : पाणी नेहमीपेक्षा वर चढते आणि नेहमीपेक्षा दूर ओसरते. अष्टमीच्या सुमारास उलट, भांगाची भरती, चढउतार कमी. दिवाळीची सुट्टी लागते ती अशी दरवर्षी नेमाने उधाणावर.

भरतीची वेळ काढायची कोकणातली जुनी रीत सोपी आहे : तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. भाऊबीज द्वितीयेला, म्हणजे भरती दीडला. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. त्यात सहा तास आणि थोडे मिळवले, की ओहोटी. चंद्रामुळे भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. पाऊणपटीचे ४५ मिनिटांचे गणित त्याच्या अगदी जवळचे आहे. हा अंदाज मुंबईच्या बाजूला चांगला बसतो. दक्षिणेला गोव्याकडे भरती काहीशी लवकर येते. चढउतारही जागेप्रमाणे बदलतो. मुंबईला उधाणाला पाणी चार-पाच मीटर वरखाली होते, गोव्याला साधारण दोन मीटर.

आता दिवाळीचे दिवस या हिशेबात घालून पाहा. भरती दुपारी बारा ते दीड, ओहोटी पहाटे सहा ते साडेसात आणि पुन्हा संध्याकाळी त्याच वेळेला. म्हणजे सूर्यास्त पाहायला सगळा गाव आणि सगळे पाहुणे वाळूवर उतरतात, तेव्हा पाणी बाहेर जात असते. उथळ पाण्यातून माणसे त्याच्यामागे आत-आत जातात. सकाळी न्याहारीनंतर कोणी खडकांवर शिंपले पाहायला जातो, तेव्हा पाणी चढू लागलेले असते आणि परतीची वाट तासा-दोन तासांत बुडते. ओहोटीच्या कडक वाळूवर नेलेल्या गाड्या भरतीत रुतून बसतात, त्याचे कारणही हेच. पाऊणपटीचा हिशेब कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून पाकिटात ठेवायला काही वजन लागत नाही.

थंडी : चांगल्या हवेचे धोके

डिसेंबर ते फेब्रुवारी हा किनाऱ्याचा सर्वांत सुखाचा काळ. हवा त्या मानाने कोरडी, आकाश स्वच्छ, लाटा लहान. पाणी मात्र फारसे गारठत नाही. आपल्या किनाऱ्यालगत ते वर्षभर साधारण २६ ते ३० अंशांच्या दरम्यान राहते. पहाटे थोडे आत, उंचावर गेले तर गारवा चांगलाच जाणवतो. दापोली समुद्रापासून फार लांब नाही, पण उंचावर आहे. तिथे मुक्काम असेल तर स्वेटर हवाच. मुरूड-हर्णैच्या वाळूवर त्याच दिवशी दुपारी टोपी लागेल.

या काळात वाऱ्याचे दोन पाळीकरी असतात. जमीन लवकर तापते आणि लवकर निवते. पाणी दोन्ही बाबतींत आळशी. दिवसा तापलेल्या जमिनीवरची हवा वर जाते आणि समुद्रावरून खारे वारे आत येतात. रात्री उलट होते आणि जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. शिडाच्या होड्या पहाटे मतलईवर बाहेर पडत आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर परतत. पर्यटकाच्या पिशवीशी याचा संबंध असा : मुलांसाठी घेतलेली हवेची ट्यूब किंवा रबरी गादी. हिवाळ्यात सकाळी नऊच्या सुमारास वारा अजून समुद्राकडे वाहत असू शकतो. हलकी, हवा भरलेली वस्तू तो मुलासकट बाहेर नेतो आणि पोहून तिला गाठणे जमत नाही. ट्यूब न्यायचीच असेल, तर सोबत बारीक दोर न्यावा आणि दुसरे टोक काठावरच्या मोठ्या माणसाच्या हातात असावे.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. महिना फेब्रुवारी; ना पाऊस, ना वादळ. शांत दिसणाऱ्या पाण्यालाही ओढ असते. लाटांनी काठाशी जमवलेले पाणी परत जाताना एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने आत जाते. गंमत अशी, की त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्याला तीच जागा सुरक्षित वाटते. तिथे सापडल्यास काठाकडे तोंड करून झगडू नये, दम संपतो. तरंगत राहून काठाला समांतर बाजूला सरकावे, ओढ सुटली की मग काठाकडे यावे.

आणि कपडे. आपल्याकडे समुद्रात अंगावरच्या कपड्यांनिशी उतरायची रीत आहे. भिजलेली जीन्स पायांना जखडते, साडी आणि ओढणी लाटेत गुंडाळते. पाण्यात उतरायचे असेल, तर अंगाबरोबरचे, आखूड, पातळ नायलॉनचे कपडे हवेत. पुरुषांना, बायकांना, सर्वांना. लाज वाटत असेल तर वरून पातळ पूर्ण बाह्यांचा अंगाबरोबरचा सदरा चालतो; उन्हापासूनही तो वाचवतो.

उन्हाळा : सावली गायब होते तेव्हा

मार्चमध्ये एक चमत्कारिक गोष्ट घडते. मुंबईचे सर्वांत तापलेले दिवस मेमध्ये नव्हे, तर बहुधा मार्चमध्ये नोंदले जातात. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश होते. कारण वारा. काही दिवस पूर्वेकडून, तापलेल्या देशावरून वारे वाहतात आणि खाऱ्या वाऱ्याला दुपारपर्यंत आत येऊ देत नाहीत. मेमध्ये समुद्राचा वारा नेमाने येतो, पारा ३३-३४च्या पुढे सहसा जात नाही, पण हवा पाण्याने इतकी भरलेली असते की घाम सुकत नाही. घाम येण्याने शरीर थंड होत नसते, तो सुकण्याने होते. म्हणून कोकणातले ३४ अंश विदर्भातल्या ४० अंशांहून जड वाटू शकतात.

सूर्यही डोक्यावर असतो. गोव्याला मेच्या आरंभी आणि मुंबईला मेच्या मध्यावर तो बरोबर माथ्यावर येतो. खांबाची सावली खांबाखालीच दडते. डिसेंबरातही दुपारी तो रत्नागिरीच्या क्षितिजावर ५० अंशांच्या आसपास चढतो. वाळू सूर्याच्या अतिनील किरणांपैकी सुमारे १५ टक्के परत उडवते, समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के. छत्रीत बसूनही चेहरा रापतो तो यामुळे. विरळ ढग या किरणांना जवळजवळ अडवत नाहीत. रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा फिका सुती सदरा, उन्हाचे मलम, जलसंजीवनीची पाकिटे ही या मोसमाची पिशवी. अकरा ते चार वाळूवर जाऊ नये. गावात त्या वेळी कोणी जात नाही. कोकम सरबत पिऊन आडवे होणे हा तिथल्या अनुभवाचा सल्ला आहे.

पावसाळा : सुकण्याचा प्रश्न

अलीकडे पावसाळी पर्यटनही वाढले आहे. ते जरूर करावे; फक्त ते समुद्राचे नव्हे, समुद्र पाहण्याचे पर्यटन आहे. पुण्यात वर्षभरात पाऊस पडतो साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर. मुंबईत एकट्या जुलैत ८००हून अधिक. तो सगळीकडे सारखा पडेल असेही नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर झाला आणि त्याच शहरात कुलाब्याला ७३. म्हणून ‘जिल्ह्यात मध्यम पाऊस’ या वाक्यावर बेत आखू नये. कोकण रेल्वेही या काळात वेगळ्या वेळापत्रकाने, कमी वेगाने धावते. एक दिवस हाताशी जास्त ठेवावा.

पावसाळ्यात खरा प्रश्न भिजण्याचा नसून सुकण्याचा असतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर गेली, की कपड्यातले पाणी जाणार कुठे? जाड तौलिया आणि जीन्स तीन-तीन दिवस ओली राहतात, त्यांना वास येतो, कातडी चपलांवर बुरशी चढते, कॅमेऱ्याच्या भिंगातही शिरते. यावरचे उत्तर कोकणाने फार पूर्वी शोधले आहे : राजापुरी पंचा. पातळ, विरळ विणीचा, पाणी पटकन टिपणारा आणि पिळून वाऱ्यावर टाकला की लवकर सुकणारा. घडी केली तर मुठीत मावतो. तो अंग पुसतो, डोक्याला गुंडाळता येतो, उन्हात खांद्यावर येतो. माझ्या मते कोणत्याही मोसमात पिशवीत पहिला जावा तो पंचाच, घरातल्या प्रत्येकासाठी दोन. त्याखेरीज रबरी किंवा प्लॅस्टिकची पट्ट्यांची पादत्राणे, विजेरी, दोन-तीन जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या, रोजची औषधे चार दिवस जास्तीची. साचलेल्या पाण्यातून, शेताच्या बांधावरून अनवाणी चालू नये. लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग पायाच्या लहानशा जखमेतूनही होतो.

वाळूवरही चप्पल असावी. पावसाळ्यात वाऱ्याबरोबर निळे, फुग्यासारखे दंश करणारे जीव किनाऱ्याला लागतात. २०१३च्या गणेशोत्सवात गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला पाण्यात उतरलेल्या अनेकांना समुद्री जीवांचे दंश झाले होते. असा जीव मेलेला दिसला, तरी त्याला हात लावू नये. दंश झालाच, तर चोळू नये. समुद्राच्याच पाण्याने धुवावे, चिकटलेले तंतू उघड्या हाताने न काढता काढावेत, सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग ठेवावा आणि डॉक्टरांना दाखवावे.

विचारण्याचा रिवाज

वर लिहिलेल्यातले बरेचसे हवामान खात्याच्या आकड्यांत आहे आणि बरेचसे किनाऱ्यावरच्या बोलण्यात. आकडे कुठेही मिळतात. आगोट, उधाण, भांग, मतलई हे शब्द मात्र कोणीतरी विचारले आणि कोणीतरी सांगितले तरच टिकतात. पाहुणा आता निवासाचे आरक्षण मोबाइलवर करतो, तापमान मोबाइलवर पाहतो आणि गावाशी एक शब्दही न बोलता पाण्यात उतरतो. पूर्वी वाडीत उतरलेल्या पाहुण्याला यजमान न विचारता सांगत असे, ‘आज उधाण आहे, पलीकडच्या खडकाकडे जाऊ नका.’

या दिवाळीत कोकणात जाल, तर तिथी पाहून निघा, पंचे घ्या, आणि पाण्यात पाय घालण्याआधी जाळे विणत बसलेल्या कोणालाही एवढेच विचारा : ‘काका, आज पाणी कसं आहे?’ उत्तर मिळेल ते त्या जागेचे आणि त्या दिवसाचे असेल. ते ‘नको’ असे मिळाले, तर त्या दिवशी वाळूवर बसून समुद्र पाहावा. तोही सुट्टीचाच भाग आहे.